दारं धरताना

गेल्या वर्षी जूनमध्ये एका विद्यापीठातून फोन आला. पदवीच्या मुलांना चांगली वाट दाखवणाऱ्या शिक्षकासाठी पुरस्कार ठेवतोय, निवड समितीवर याल का? निवृत्त बाईच्या तोंडून आधी 'हो' निघतं आणि मग प्रश्न कळतो. पंधरा दिवसांनी शिपायाने दारात खोका आणून ठेवला. आत एकवीस फायली होत्या, सगळ्या स्पायरल बाइंडिंग केलेल्या, काहींना वर प्लॅस्टिकचं कव्हर.

तीन दिवस मी त्या वाचल्या. 'शिक्षक-पालक योजना', 'मेंटॉर-मेंटी सभा', उपस्थितीचे तक्ते, मुलांच्या सह्या. आणि फोटो. प्रत्येक फोटोच्या खालच्या पट्टीत अक्षांश-रेखांश. जन्मभर भूगोल शिकवलेल्या बाईला अक्षांश-रेखांश पाहून खरं तर आनंद व्हायला हवा. पण शिक्षक आणि मूल कोणत्या रेखांशावर बसले होते, एवढंच त्या फोटोंतून कळत होतं. काय बोलले ते कळत नव्हतं. यात फायली करणाऱ्यांचा दोष नाही. २०१० साली यूजीसीने 'एपीआय'चे गुण आणले तेव्हापासून कॉलेजातला माणूस प्रत्येक हालचालीची पावती जपायला शिकला आहे, आणि नॅकचं पथक येणार म्हटलं की किती मुलांमागे एक मेंटॉर हे प्रमाण कागदावर मांडावं लागतं. प्रमाण मांडता येतं, म्हणून ते मांडतात.

आणि वाट दाखवायची गरज आज जेवढी आहे तेवढी माझ्या वेळी नव्हती, हेही खरं. आम्ही एफ.वाय.ला गेलो तेव्हा आर्ट्‌स, सायन्स, कॉमर्स या तीन दारांपैकी एक दार ढकलायचं, बस्स. आता नव्या शैक्षणिक धोरणानंतर दहिवडीच्या किंवा म्हसवडच्या मुलीने प्रवेशाच्या फॉर्मवर मेजर निवडायचा, पुढे मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचा एक विषय, भारतीय ज्ञानप्रणालीचा एक, आणि सत्राला बावीसेक क्रेडिट जुळवायचे. एका वर्षाने बाहेर पडलीस तर सर्टिफिकेट, दोनाने डिप्लोमा, तीनाने पदवी, चाराने ऑनर्स. घरात पहिल्यांदाच कॉलेजचं तोंड बघणाऱ्या मुलीला हे कोण सांगणार? बहुतेक ठिकाणी कॉलेजबाहेरचा नेट कॅफेवाला सांगतो. शंभर रुपये घेतो आणि ज्या विषयाचं बटण आधी उघडेल ते दाबतो.

तर त्या फायली वाचता वाचता मला आप्पांची गोष्ट आठवली. आप्पा म्हणजे माझे वडील. गोष्ट मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलेली की 'आमचे सर' एवढं ते म्हणाले की आम्ही भावंडं पुढची वाक्यं ओठांत म्हणायचो.

आप्पा माणदेशातले. १९५० साली साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेजात आले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली काढलेलं हे कॉलेज. गरिबाच्या मुलाने घरून पैसे न आणता, अंगमेहनत करून शिकायचं, अशी तिथली रीत. 'कमवा आणि शिका' हे शब्द आज विद्यापीठांच्या परिपत्रकांत असतात. आप्पांच्या तोंडी ते 'कामाचे तास' होते. कुणी खडी फोडायचं, कुणी स्वयंपाकाला, कुणी शेतात. आप्पांच्या वाट्याला शेत आलं, आणि शेतात दारं धरायचं काम.

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. पाटातून पाणी वाफ्यात सोडायचं, वाफा भरला की खोऱ्याने मातीचा बांध घालून ते दार बुजवायचं आणि पुढच्या वाफ्याचं दार मोडायचं. याला दारं धरणं म्हणतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, यात काय आहे. पण उतार डोळ्यांनी ओळखावा लागतो, आणि वाफा काठोकाठ भरायच्या आधीच दार बुजवावं लागतं, कारण बांध घालेपर्यंत पाणी येतच असतं. माणदेशातल्या पोराला हे कुणी शिकवलं नव्हतं. दारं धरायला त्याच्या गावात पाणीच नव्हतं. आप्पा म्हणायचे, "ज्याला भूक असती त्याला ताट कुठल्या कोपऱ्यात कलतंय ते आधी दिसतं."

कॉलेजातले एक सर संध्याकाळी फिरायला तिकडून जायचे. बांधावर उभे राहायचे, बोलायचे काही नाहीत. असं चार-पाच दिवस झाल्यावर एकदा म्हणाले, "तू पुढे काय घेणार?"

"इंग्लिश, सर. मला मामलेदार व्हायचंय."

सर हसले नाहीत. म्हणाले, "तू इथे वेळ का घालवतोस? पुण्याला शेतकी कॉलेज आहे, तिथली चौकशी करतो. तुला पाण्याची जाण आहे. मी पत्र देतो."

आणि आप्पा म्हणाले, "शेतातनं सुटायसाठीच तर हितं आलोय, सर. परत शेतातच घालताय व्हय?"

इथे आप्पा नेहमी थांबायचे. आम्हाला वाटायचं, आता सर रागावतील. सर म्हणाले, "बरं. मग रविवारी सकाळी माझ्या खोलीवर ये. इंग्रजी घेणार असशील तर आधी वाचता आलं पाहिजे."

आमच्या घरात अशा गोष्टींची कमी नव्हती. माझ्या आईचे मामा, म्हणजे आमचे मामाआजोबा, त्याही आधीच्या पिढीतले. ते साताऱ्याला धनिणीच्या बागेत भाऊरावांच्या बोर्डिंगात राहिलेले. महात्मा गांधी १९२७ साली साताऱ्याला आले तेव्हा त्या बोर्डिंगाला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळालं. मामाआजोबा त्यानंतर दोनेक वर्षांनी तिथे दाखल झाले. सगळ्या जातींची मुलं एका चुलीवर रांधून एका पंगतीत जेवत होती. याचं त्यांना म्हातारपणीही नवल वाटायचं, कारण सुट्टीत घरी आल्यावर त्यांच्या आजीने त्यांना चार दिवस ओसरीवरच वाढलं होतं.

भाऊरावांना ते 'अण्णा' म्हणायचे. अण्णांनी स्वतः मॅट्रिकही केलं नव्हतं. कोल्हापुरात शिकत असताना ते अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या कार्यक्रमाला गेले. परत आल्यावर आंघोळ करून आत या म्हटलं तर ऐकेनात, म्हणून राहत्या बोर्डिंगातून त्यांना बाहेर पडावं लागलं. ज्याला बोर्डिंगातून काढलं त्याने पुढे बोर्डिंगं काढली. मामाआजोबांच्या मते अण्णांचा सल्ला असा काही नसायचाच. "अण्णा सांगायचे नाहीत. खांद्यावर हात ठेवून चालवत न्यायचे. नेऊन सोडलं की कळायचं, इथं यायचं होतं." बोर्डिंगातलं धान्य संपलं तेव्हा अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र विकायला दिलं, ही हकिगत साताऱ्यात सगळे सांगतात. मामाआजोबा मात्र ती सांगायचे नाहीत. विचारलं तर म्हणायचे, "त्या जेवणात मीही होतो की नाही ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसलेलंच बरं."

पण त्यांची लाडकी गोष्ट वेगळीच होती. ती सुरू व्हायची 'साताऱ्यानं एकदा चूक केलेली आहे' या वाक्याने. दापोलीजवळच्या मुरुडचा एक मुलगा. परीक्षेला बसायचं म्हणून भर पावसात, घाट चढून, शंभराहून जास्त मैल पायी चालत साताऱ्याला आला. परीक्षा समितीने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, हा सतरा वर्षांचा दिसत नाही, बसता येणार नाही. मुलगा आल्या वाटेने परत गेला. त्याचं नाव धोंडो केशव कर्वे. पुढे तो १८९१ पासून फर्ग्युसनमध्ये गणित शिकवू लागला. त्याने शिकायला आपल्याजवळ आणून ठेवलेला नात्यातला एक मुलगा, रघुनाथ परांजपे, १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाला. मामाआजोबा हे सगळं सांगून झाल्यावर विचारायचे, "आता सांग, त्या समितीतल्या एकाचं तरी नाव तुला ठाऊक आहे का?" मला ठाऊक नव्हतं, अजून नाही. समितीवर बसायचं कबूल करताना ही गोष्ट आठवायला हवी होती.

आप्पांचे रविवार. सरांची खोली एका वाड्यात, माडीवर. दोन दिवसांचं शिळं इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचं. पान संपेपर्यंत शब्दकोशाला हात लावायचा नाही, हा नियम. अडलं की अंदाज करायचा आणि अंदाज बोलून दाखवायचा. आप्पांनी एकदा 'ब्रीच' म्हणजे विजार असा अंदाज केला आणि बातमी होती कालवा फुटल्याची. सर हसून हसून खोकले. मग म्हणाले, "बघ, इथेही पाणीच आलं तुझ्याकडे." तीन वर्षांत शेतकीचा विषय निघाला तो एवढाच.

याच खोलीत आप्पांनी केळुस्करांची गोष्ट ऐकली. कृष्णराव अर्जुन केळुस्कर मुंबईला विल्सन हायस्कुलात मास्तर होते. चर्नी रोडच्या बागेत ते संध्याकाळी वाचत बसत आणि तिथेच एक मुलगाही वाचायला येई. त्यांनी त्याची विचारपूस केली. १९०७ साली तो मुलगा मॅट्रिक झाला तेव्हा त्याच्या सत्काराच्या सभेत केळुस्करांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला दिलं. पुढे कॉलेजचा खर्च झेपेना तेव्हा त्यांनी त्याला सयाजीराव गायकवाडांपुढे नेऊन उभं केलं आणि महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. मुलगा एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झाला, १९१३ साली कोलंबियाला गेला. भीमराव आंबेडकर. सर आप्पांना म्हणाले होते, "केळुस्कर त्याचे मास्तर नव्हते, हे लक्षात ठेव. तो त्यांच्या शाळेतसुद्धा नव्हता."

मी नंतर वाचलं ते असं. बाबासाहेबांनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षी बुद्धावरच्या आपल्या ग्रंथाची प्रस्तावना लिहिली, त्यात त्या सभेची आणि केळुस्करांच्या पुस्तकाची आठवण आहे. जवळजवळ पन्नास वर्षांनी उतरलेली पोचपावती. आणि १९५७ साली, बाबासाहेबांच्या मागे, ग्रंथ निघाला तेव्हा ती प्रस्तावना त्यात छापलीच गेली नव्हती. लोकांपुढे ती आली कितीतरी उशिरा. आमच्या समितीच्या नियमांत मात्र अर्जासोबत लाभार्थी विद्यार्थ्याचं पत्र तीस दिवसांच्या आत जोडायचं असतं.

आप्पा बी.ए. झाले, सेकंड क्लास. मामलेदाराची परीक्षा दोनदा दिली, दोनदा राहिली. शेवटी नोकरी लागली ती पाटबंधारे खात्यात, कालवा निरीक्षक म्हणून, कराडजवळ खोडशीच्या बंधाऱ्यावरून जो कृष्णा कालवा निघतो त्यावर. सगळी हयात पाण्यात गेली. कुठल्या गावाला किती दिवसांनी पाळी, कोण रात्री चोरून दार मोडतो, कुठे कालव्याचा भराव खचतोय. आम्ही भावंडं हसायचो, म्हणायचो, सर शेवटी बरोबर निघाले की. आप्पा यावर कधी बोलले नाहीत. वर्तमानपत्र समोर धरायचे. इंग्रजी.

१९६७ च्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला. त्यानंतर काही दिवस आप्पा कालव्याच्या कडेने तडे बघत हिंडत होते. एका दुपारी कराडच्या स्टँडवर सर भेटले, पिशवी घेऊन बाकावर बसलेले. आप्पांनी वाकून नमस्कार केला. सरांनी बायकामुलांची चौकशी केली नाही. विचारलं, "कालव्याला काही झालंय का रे?" आणि आप्पा सांगत सुटले. तडा भरावात गेलाय की नुसता वरच्या मातीत, हे कसं ओळखायचं, आधी पाणी कुठे कमी करायचं, सगळं. सांगता सांगता सरांची गाडी निघून गेली. सर ऐकत बसले. पुढची गाडी दीड तासाने होती.

"मग सर काय म्हणाले?" आम्ही दर वेळी विचारायचो.

"काही नाही. पुढच्या गाडीनं गेले."

समितीची बैठक ऑगस्टात झाली. एकवीस फायलींतल्या चौदा आम्ही पहिल्या तासात बाजूला ठेवल्या. उरलेल्या सातांतले तिघे-चौघे खरोखर चांगले शिक्षक होते, ते कागदातूनही कळत होतं. एका बाईंनी मुलीला हॉस्टेल मिळेपर्यंत तीन आठवडे स्वतःच्या घरी ठेवलं होतं आणि त्याचा फोटो जोडला नव्हता. मला तिथेच त्या आवडल्या. त्यांना दिला पुरस्कार. पण पुढच्या वर्षासाठी अर्जात एक प्रश्न घाला, असं मी सुचवलं: तुम्ही दिलेला सल्ला विद्यार्थ्याने मानला नाही, असा प्रसंग सांगा. त्यानंतर तुम्ही काय केलंत?

अध्यक्षांनी चष्मा काढला. "मॅडम, पुरावा काय मागायचा याला?"

मी म्हटलं, "काही नाही."

"मग गुण कसे द्यायचे?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. प्रश्न मात्र अर्जात गेला, दहा गुणांचा. यंदा सतरा अर्ज आले. अकरांनी तिथे 'लागू नाही' लिहिलं. दोघांनी लिहिलं की त्यांचा सल्ला सर्वच विद्यार्थी मानतात. बाकी चौघांचं मी सांगत नाही. निकाल अजून लागायचा आहे.

मधल्या काळात विद्यापीठाकडून विचारणा झाली, पुरस्काराला कुणाचं नाव सुचवता येईल का? मला अर्थातच आप्पांचे सर आठवले. आणि लक्षात आलं की मला त्यांचं नाव माहीत नाही. आयुष्यभर गोष्ट ऐकली, कधी नाव विचारलं नाही. 'आमचे सर' हेच नाव वाटायचं. आप्पा जाऊन वीस वर्षं झाली. फलटणला आत्या आहे, आप्पांची धाकटी बहीण, सत्त्याऐंशी वर्षांची, ऐकायला कमी येतं पण स्मरण चोख. तिला फोन केला.

"नाव न्हाय बाई ठावं. आम्ही पान्याचं मास्तर म्हनायचो."

मी म्हटलं, आत्या, त्यांनी आप्पांना शेतकीला जा सांगितलं आणि आप्पा नाही म्हणाले, ती गोष्ट...

"कोन म्हनलं?" आत्या एकदम मोठ्याने बोलली. "दादाच म्हनला व्हता शेतकीला जायचं. वेडाच झाला व्हता त्या पुन्याच्या कॉलेजापायी. बापूंनी न्हाय म्हनलं. म्हनलं, हितं फुकट हाय तर शिक, न्हायतर ये घरी मेंढरामागं."

मी गप्प.

"ते मास्तर आलं व्हतं की घरी. सर्व्हिस मोटारीनं दहिवडीपोतर, तितनं पुढं चालत. उनाचं. बापूंपुढं बसून लई समजावलं. मी भिंतीआड व्हते, तेरा वरसाची. बापू एक न्हाय म्हनलं ते न्हायच. शेवटी बापू रडलं. पैकं न्हाईत वो, म्हनलं. मास्तर म्हनलं, माझं चुकलं, मी पुन्यांदा हा इषय काढनार न्हाय. दादाला म्हनलं, चल, इंग्रजी करू."

म्हणजे 'परत शेतातच घालताय व्हय' हे वाक्य बांधावर कधी बोललंच गेलं नव्हतं. आप्पांनी ते मागाहून रचलं, आणि आम्हाला पन्नास वर्षं ऐकवलं, म्हणजे नकार आजोबांच्या अंगावर जाऊ नये. कराडच्या स्टँडवर सर काही म्हणाले नाहीत, ते मला आता पुन्हा पहिल्यापासून ऐकावंसं वाटतंय, पण सांगणारा नाही.

"जेवले का ते आपल्याकडे?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"घरात काय व्हतं जेवायला? दुस्काळ. आईनं तांब्याभर पानी दिलं. अर्धा तांब्या प्यालं आन् म्हनलं, वहिनी, बस्स झालं. उरल्यालं दावनीला बैल व्हता त्याच्याम्होरं ठिवलं आन् गेलं."